दुखणं मनगटात, दुरुस्ती सीटपासून: ग्रॅव्हल बाइकवरचं एक प्रकरण

या प्रकरणातल्या सायकलस्वार बाई चाळिशी ओलांडलेल्या, वजन 62 किलो, हाताचे पंजे लहान. रोड बाइकवर वर्षानुवर्षं लांब पल्ले मारलेले, त्यामुळे दमसास उत्तम. कच्च्या रस्त्यांची ओढ लागली म्हणून त्यांनी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या आणि कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, घेतली. बाइकमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती: कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, 40 मिलिमीटरचे टायर आणि खाली वळलेला, टोकांना बाहेर फाकलेला ड्रॉप बार (हँडल). तरी पहिल्या काही महिन्यांतच दोन्ही मनगटं बोलू लागली. मी बाइक स्वाराच्या अंगाला बसवून देण्याचं काम करतो; माझ्याकडे ती बसवून घ्यायला त्या आल्या तोवर घरगुती उपाय आणि खरेदी दोन्ही बरीच करून झाली होती.

पहिलं वाक्य होतं, "खडीवर तासभर गेलं की मनगटं जातात." या वाक्यावर काही ठरवता येत नाही. मनगट म्हणजे एकच एक दुखरी जागा नव्हे. मी त्यांना म्हटलं, "नेमकं कुठे ते बोटाने दाखवा." त्यांनी दोन वेगळ्या जागा दाखवल्या, आणि प्रकरणाचा अर्धा गुंता तिथेच सुटला.

एक जागा करंगळीच्या बाजूची, तळहाताच्या बुडाशी. तिथे दुखण्यापेक्षा बधिरपणाच जास्त. करंगळी आणि अनामिकेची एक बाजू झोपी जायची, मुंग्या यायच्या, हात झटकला की बरं वाटायचं. दुसरी जागा अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला. तिथे बधिरपणा नाही, पण ब्रेक दाबताना कळ उठायची आणि दुसऱ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडताना परत आठवण करून द्यायची.

पहिल्या तक्रारीमागची रचना अशी. करंगळीकडे जाणारी अल्नर नस मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जाते. फ्रेंच शल्यचिकित्सक फेलिक्स ग्युयाँ यांनी 1861 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून तो ग्युयाँचा बोगदा. हँडलबारवर तळहाताचं बूड टेकतं तेव्हा दाब नेमका या बोगद्यावर पडतो. सायकलस्वारांमध्ये हा त्रास इतका जुना आहे की वैद्यकात त्याला हँडलबारच्याच नावाने ओळखतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधीर होत असेल, तर संशय मीडियन नसेवर, म्हणजे कार्पल टनेलवर जातो. यांच्या बाबतीत ती तीन बोटं ठणठणीत होती. दुसरी तक्रार नसेची नव्हतीच. अंगठा मनगटापासून दूर नेणारे आणि सरळ करणारे स्नायूबंध एका म्यानातून जातात आणि त्या म्यानाला सूज येते. फ्रिट्झ द क्वेर्व्हां या स्विस शल्यचिकित्सकाने 1895 मध्ये ते नोंदवलं आणि आजही ते दुखणं त्याच्याच नावाने चालतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे बाइकला हात लावण्याआधी त्यांना हाताच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. हा आग्रह मी धरतोच. अल्नर नसेची खोल शाखा एकटीच दबली तर बधिरपणा अजिबात येत नाही, फक्त ताकद जाते. बोटं फाकवायला जोर लागत नाही, अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद निसटतो, आणि माणूस दुखत नाही म्हणून निर्धास्त सायकल चालवत राहतो. सुदैवाने यांच्या हातातली ताकद पूर्ण होती. डॉक्टरांनी द क्वेर्व्हांवर शिक्कामोर्तब केलं, अंगठ्यासकट मनगट धरणारा पट्टा दिला, काही काळ खडी बंद ठेवायला सांगितलं आणि नसेचा दाब हा बसण्याच्या पद्धतीतून येत असावा असं म्हणून चेंडू परत माझ्याकडे टोलवला.

आधी काय काय केलं होतं

खडीने धक्के बसतात, धक्क्यांनी हात दुखतात, म्हणजे धक्के शोषणारं काहीतरी लावा. या तर्काने त्यांनी जाड हातमोजे घेतले, बारवर टेपचा दुहेरी थर चढवला आणि शेवटी सस्पेन्शन स्टेम, म्हणजे बारला फोर्कशी जोडणारा, धक्के शोषणारा तुकडा, बसवला. तर्क सरळ होता, पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार झाला.

दुहेरी टेपने बार जाड झाला. मोठ्या पंज्याला ते सुखाचं असतं, लहान पंज्याला मूठ वळायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो जोर अंगठ्याच्या मुळातून येतो. हातमोज्यांच्या जेलची गादी तळहाताच्या मधल्या खोलगट भागावरही पसरलेली होती. वरून दाबलं की ती गादी बोगद्याच्या तोंडातच खुपसली जायची. चांगल्या मोज्यात गादी दोन बाजूंच्या उंचवट्यांवर असते आणि मध्ये खाच मोकळी असते. जाडी जास्त म्हणजे आराम जास्त, हा समज इथे उलटा पडतो.

सस्पेन्शन स्टेमचा अनुभव सर्वांत बोलका होता. या स्टेममध्ये रबरासारख्या इलास्टोमरच्या गोळ्या असतात आणि स्वाराच्या वजनानुसार त्या निवडून बसवायच्या असतात. यांच्या स्टेममध्ये बऱ्याच जड माणसाच्या गोळ्या होत्या, म्हणजे तो जवळजवळ हलतच नव्हता. आम्ही मऊ गोळ्या घालून त्यांना त्याच रस्त्यावर पाठवलं. परत आल्यावर म्हणाल्या, "खड्ड्यातला दणका कमी झालाय, पण करंगळी तितकीच झोपते." मला हेच हवं होतं. दणके कमी होऊनही बधिरपणा हटत नसेल, तर त्याचं मूळ दणक्यात नाही. ते हातावर सतत टेकलेल्या वजनात आहे.

माझ्या मते या दुखण्यात ही वाटणी आधी करायला हवी. हातांवर दोन वेगळे भार येतात: शरीराचं टेकलेलं वजन आणि रस्त्याचं कंपन. दोघांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. स्टेम, टेप आणि टायर कंपनाचा बंदोबस्त करतात. वजनाचा बंदोबस्त बहुतेक वेळा सीटपासून सुरू होतो.

बाइकवर बसवून

ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवता येते अशा स्टँडवर, बसवलं, हलक्या गियरमध्ये पाय फिरवायला लावले आणि म्हटलं, "हात हूडवरून बोटभर उचला, जागेवरून न सरकता." हूड म्हणजे बारवरचं ब्रेक लिव्हरचं बूड, जिथे हात टेकतात. त्या तत्काळ पुढे घसरल्या. सीट पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंच्या मदतीने शरीर पेलत असेल, तर काही क्षण तरी हात मोकळे राहतात. इथे हात खांबाचं काम करत होते.

कारण मोजायला वेळ लागला नाही. सीटचं नाक 5 अंश खाली झुकलेलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की नाक खाली केलं की पुढचा दाब कमी होतो. होतो खरा, पण माणूस दर पायाच्या फेऱ्याला पुढे घसरतो आणि घसरण हातांनी रोखतो. त्यातून सीट तिच्या खालच्या रुळांवर (रेल्सवर) 15 मिलिमीटर पुढे ढकललेली. हे त्यांनी स्वतः केलं होतं, कारण बार दूर वाटत होता. हा फार सार्वत्रिक गैरसमज आहे आणि म्हणून त्यावर थोडं थांबतो.

बार लांब पडत असेल तर सीट पुढे घ्यावीशी वाटणं स्वाभाविक आहे. पण सीट पुढे गेली की धडाचं वजन पेडलच्या मधल्या धुऱ्याच्या तुलनेत पुढे येतं, आणि पुढे आलेलं वजन पेलायला हातांशिवाय कुणी नसतं. म्हणजे अंतर कमी होतं आणि भार वाढतो. बार जवळ आणायचा तर स्टेम बदलावा. सीटची जागा पायांच्या आणि तोलाच्या हिशेबाने ठरवावी, बारच्या हिशेबाने नाही. उभ्याने खाली वाकून पाहिलं तर हे अंगाला कळतं: माणूस वाकताना कंबर आपोआप मागे जाते. ती मागे जाऊ दिली नाही तर तोल समोर जातो.

बारकडे पाहिलं तर हूड वरच्या दिशेला फिरवलेले होते. अंतर कमी वाटावं म्हणूनच. पण हूडवर हात हस्तांदोलनासारखा उभा असतो, त्यामुळे हूड वर फिरवला की मनगट अंगठ्याच्या दिशेने वाकतं आणि त्या वाकलेल्या स्थितीतच ब्रेक ओढावा लागतो. शिवाय ब्रेक लिव्हरचं टोक बोटांपासून लांब जातं. लहान पंजा, दुहेरी टेप, लांब लिव्हर, वाकलेलं मनगट: अंगठ्याच्या मुळाची कळ यातून आली यात मला शंका उरली नाही.

पाठीवर पाण्याची पिशवी होती, तीही दोन लिटरची. दोन लिटर म्हणजे दोन किलो, आणि पुढे झुकलेल्या माणसाच्या पाठीवरचे दोन किलो काही अंशी हातांवरच उतरतात. मनगटाच्या दुखण्यात पिशवीचा विचार सहसा कुणी करत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. त्रास नेहमी शेवटच्या टप्प्यात, किंवा खूप हलक्या गियरमध्ये दगडी चढ चढताना वाढायचा. यातही गूढ काही नाही. पेडलवर जोर असतो तेव्हा तो जोर शरीराला थोडं वर उचलून धरतो. पाय थकले किंवा गियर फार हलका झाला की ते उचलणं संपतं आणि वजन सीटवर आणि हातांवर बसतं. ताजे असताना दोष झाकला जातो, इतकंच.

बदल, एकेक करून

एका वेळी एकच बदल आणि त्यानंतर तोच ओळखीचा रस्ता, असा क्रम ठरवला. सगळं एकदम बदललं तर बरं वाटेलही, पण कशाने ते कधीच कळणार नाही आणि पुढे काही बिघडलं तर परत चाचपडणं आलं.

सीटचं नाक 5 अंशांवरून 1 अंशावर आणलं. सीट 15 मिलिमीटर मागे घेतली. मागे घेतली की पाय लांब पडतो म्हणून उंची थोडी उतरवली. मग 100 मिलिमीटरचा सस्पेन्शन स्टेम काढून 80 मिलिमीटरचा साधा स्टेम लावला. स्टिअरर नळी (फोर्कची वर येणारी नळी, जिच्यावर स्टेम बसतो) कापताना कुणीतरी शहाणपणा दाखवून स्टेमच्या वर स्पेसर (जाडी भरणाऱ्या कड्या) शिल्लक ठेवले होते. त्यातले 15 मिलिमीटर खाली घेतले आणि बार तेवढा वर आला. कार्बनच्या नळीवर किती स्पेसर चालतात याची मर्यादा उत्पादक देतो, ती तपासूनच हे करावं.

हिशेब केला तर गंमत दिसते. सीट 15 मागे, स्टेम 20 आखूड, आणि बार 15 वर आल्याने नळीच्या तिरपेपणामुळे आणखी साधारण 5 मिलिमीटर जवळ. म्हणजे एकूण अंतर फक्त सेंटीमीटरभर घटलं. त्यांचा विश्वास बसेना. "एवढ्याशाने काय होणार?" पण त्याच ट्रेनरवर हात उचलायला सांगितल्यावर त्या जागच्या हलल्या नाहीत. अंतर जवळपास तेच, पण वजन वेगळ्या जागी गेलं.

पहिल्या मोठ्या फेरीनंतर बधिरपणा येण्याची वेळ खूप पुढे सरकली, पण तो गेला नाही. मग बारची पाळी. हूड खाली फिरवून बारच्या वरच्या भागाशी सपाट जुळवले, जेणेकरून हातापासून कोपरापर्यंत एक सरळ रेषा यावी. टेपचा एक थर काढून टाकला. लिव्हरवरच्या छोट्या स्क्रूने ब्रेक बोटांच्या पहिल्या पेऱ्याच्या आवाक्यात आणले. हा स्क्रू जवळपास प्रत्येक हायड्रॉलिक लिव्हरवर असतो आणि बहुतेक लोक तो आयुष्यात फिरवत नाहीत. फुकटातला एवढा मोठा उपाय दुसरा नाही. अंगठ्याची कळ उतरायला सुरुवात झाली ती इथून. पट्ट्याचं आणि विश्रांतीचं श्रेयही त्यात आहे, ते नाकारत नाही.

पाणी पाठीवरून फ्रेमवरच्या बाटल्यांत गेलं.

आता कंपन

वजनाचा भाग मिटल्यावरच टायरला हात घातला. टायरमध्ये 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा होती, रोड बाइकची सवय. 62 किलोच्या स्वाराला 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये इतकी हवा म्हणजे टायर दगडावर दबण्याऐवजी उडतो आणि ते उडणं फोर्कमधून सरळ हातात येतं. ट्यूब काढून ट्यूबलेस केलं, छिद्रं बुजवणारं सीलंट घातलं, पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय. पुढचं चाक हलकं असतं आणि हात त्याच्याच वर असतात, म्हणून तिथे हवा कमी. ट्यूब असताना इतकं खाली गेलं तर रिम आणि दगडाच्या चिमट्यात ट्यूब कापली जाते, ट्यूबलेसमध्ये ती भीती नसते. रिमवर दगड आपटल्याचा आवाज वारंवार आला तर मात्र दोन पीएसआय वाढवायचे. पंपावरचा काटा खालच्या दाबाला भरवशाचा नसतो, वेगळं डिजिटल गेज ठेवावं.

पन्हळी पत्र्यासारखा लाटालाटांचा कच्चा रस्ता त्यांना सगळ्यांत जास्त छळायचा, खड्ड्यांपेक्षाही. त्यामागचं गणित पाहण्यासारखं आहे. दोन लाटांमध्ये अर्धा मीटर अंतर धरलं आणि वेग ताशी 20 किलोमीटर, तर सेकंदाला साधारण 11 धक्के बसतात. यंत्रं हाताळणाऱ्या कामगारांच्या हातांसाठी आयएसओ 5349 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि कंपनं मोजताना ते 8 ते 16 हर्ट्झच्या (सेकंदाला 8 ते 16 कंपनांच्या) पट्ट्याला सर्वांत जास्त महत्त्व देतं. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या सरासरीत कंपनाच्या प्रवेगाने 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग गाठलं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि 5 च्या वर कामगाराला जाऊच द्यायचं नाही. हे नियम सायकलसाठी लिहिलेले नाहीत आणि रविवारच्या फेरीला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण लाटांचा रस्ता हाताला का इतका जड जातो, याचं उत्तर त्या पट्ट्यात आहे. दगडाचा एखादा दणका हात विसरतो. सेकंदाला अकरा, मिनिटाला साडेसहाशे, अशी मोजणी अर्धा तास चालली की विसरता येत नाही.

कमी हवेने इथे खरा फरक पडला. पुढे त्यांनी पुढच्या चाकाला 45 मिलिमीटरचा टायर लावला. रुंदी जेमतेम आठव्या हिश्श्याने वाढली तरी आतल्या हवेचं आकारमान पावपट वाढतं, त्यामुळे दाब आणखी उतरवता येतो. फोर्कमध्ये दोन्ही बाजूंना निदान 4 ते 6 मिलिमीटर जागा उरते का, हे आधी पाहिलं.

सस्पेन्शनविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. 1992 आणि 1993 ची पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली सायकल शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी रॉकशॉक्सच्या सस्पेन्शन फोर्कवर जिंकली, तीही फरशीच्या दगडांवरून. पुढे त्या शर्यतीतून असे फोर्क गेले, आणि आज तिथले स्वार 30 मिलिमीटर आणि त्याहून रुंद ट्यूबलेस टायरमध्ये कमी हवा भरून धावतात. टायर हेच पहिलं सस्पेन्शन आहे, आणि ते आधीच विकत घेतलेलं असतं. बसणं नीट झाल्यावर, टायरची मुभा संपल्यावरही हात तक्रार करत असतील, तर ग्रॅव्हलसाठीचे 30 किंवा 40 मिलिमीटर दबणारे सस्पेन्शन फोर्क किंवा योग्य गोळ्यांचा स्टेम जरूर पाहावा. यांना त्याची गरज उरली नाही. स्टेम पेटीत आहे.

हात कसे धरायचे

शेवटचा भाग बाइकचा नाही. त्या उतारावर कोपरं ताठ ठेवून हूड घट्ट आवळायच्या. रोड बाइकवर हे खपून जातं. खडीवर ताठ कोपरातून धक्का मनगटाला टेकून थेट खांद्यात जातो. कोपरं सैल वाकलेली, बोटं बारभोवती फक्त गुंडाळलेली, कंबर किंचित सीटवरून उचललेली, अशी सवय लावायला वेळ लागला. खडबडीत उतारावर हात ड्रॉपमध्ये (बारच्या खालच्या वळणात) न्यावेत हेही त्यांना आधी पटत नव्हतं, कारण ड्रॉप फार खाली वाटायचे. बार 15 मिलिमीटर वर आल्यावर ते आवाक्यात आले. तिथे हात बारच्या वळणात अडकून राहतो, आवळावा लागत नाही, आणि लिव्हरच्या टोकाशी एका बोटाने ब्रेक लागतो. अंगठ्याला याहून मोठी सुट्टी नाही. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम फिजिओने दिले, ते त्या करतात.

आजची स्थिती: साध्या खडीच्या फेरीत करंगळी झोपत नाही. अंगठ्याची कळ गेली, पण ती बधिरपणापेक्षा बरीच उशिरा गेली, आणि डॉक्टरांनी तसं आधीच सांगितलं होतं. लाटांच्या रस्त्यावर, दिवसाच्या शेवटी, डाव्या करंगळीत अजून मुंग्या येतात. फक्त डाव्या. आम्ही बराच वेळ बारचा डावा-उजवा कोन मोजत बसलो, फरक सापडला नाही. शेवटी त्यांच्याबरोबर चालवताना लक्षात आलं की त्या उजव्या हाताने बाटली काढतात आणि तोवर सगळं पुढचं वजन डावा तळहात एकटा झेलतो, तेही नेमकं खडबडीत जागी, कारण तहान रस्ता पाहून लागत नाही. आता त्या सपाट पट्टा आला की पाणी पितात, आणि हात आळीपाळीने वापरतात. बधिरपणा दोन दिवसांपलीकडे टिकला किंवा हातातली पकड जराही सैल वाटली, तर बाइक माझ्याकडे आणण्याआधी त्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, असं आमच्यात ठरलं आहे.